पालेर्मोच्या बाजारांतून स्थानिक वाटाड्याबरोबर : खाद्यफेरीचा अनुभव आणि काही प्रश्न

दर्यावर्दी

गेल्या मार्चमध्ये सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात आम्ही दोघे पाच दिवस राहून आलो. भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत स्थानिक माणसांबरोबर बाजारातून पायी हिंडण्याच्या आणि हिंडता हिंडता खाण्याच्या फेऱ्या, म्हणजे ज्यांना सगळे फूड वॉक म्हणतात त्या, आता सर्रास होतात. इथेही त्यांच्याबद्दल अधूनमधून विचारणा होत असते, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पालेर्मोत आम्ही अशा दोन फेऱ्या केल्या. पहिलीचे पैसे वाया गेले. दुसरीमुळे मात्र ते शहर आम्हाला थोडेफार कळले.

पहिल्या फेरीत आम्ही पंचवीस जण होतो. प्रत्येकाच्या कानाला यंत्र लावले होते आणि वाटाड्या उंच धरलेल्या छत्रीमागून बोलत पुढे चालला होता. तो त्या शहरातला नव्हता आणि त्याला बाजारात कोणी ओळखतही नव्हते. प्रत्येक थांब्यावर कागदी ताटल्यांत कापून ठेवलेले, निवलेले तुकडे आमची वाट पाहत होते. एका दुकानदाराला मी काही विचारू लागलो, तर पुढच्या थांब्याची वेळ झाल्याचे सांगून मला तिथून हलवण्यात आले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या प्रत्येक शहरात आहेत आणि प्रश्न एकट्या तिचा नाही.

दुसरी फेरी आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी सुचवली. वाटाडी बाई पन्नाशीच्या, बाल्लारो बाजारामागच्या गल्लीतच जन्मलेल्या. आम्ही एकूण सहा जण होतो. सकाळी साडेनऊला कापो बाजाराच्या तोंडाशी, पोर्ता कारीनी या जुन्या वेशीपाशी भेटलो आणि दुपारी दीडच्या सुमारास बाल्लारोत, कार्मिने चर्चच्या हिरव्या-पिवळ्या चकाकत्या कौलांच्या घुमटाखाली एकमेकांचा निरोप घेतला. अंतर म्हणाल तर जेमतेम दोन किलोमीटर. चार तास लागले, कारण दर वीस पावलांवर बाईंना कोणीतरी हाक मारत होते.

कापो बाजारात त्यांनी आम्हाला प्रथम एका तळणीसमोर उभे केले. तिथे पानेल्ले तळत होते. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ मीठ-पाण्यात कालवून मंद आचेवर सतत घोटायचे, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की त्यात चिरलेली पार्सली घालायची, मिश्रण गरम असतानाच पातळ थापायचे, निवले की कापायचे आणि तळायचे. माझी पत्नी शेजारी उभी राहून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "ही तर आपली पाटवडी." वाटण नाही, मोहरीची फोडणी नाही, हळदही नाही, पण घोटणे, थापणे आणि वड्या कापणे अगदी तेच. तळणाऱ्या काकांच्या बोटांना पीठ चिकटू नये म्हणून ती पाण्यात बुडवून घ्यायची सवयसुद्धा तीच. या वड्या तीळ लावलेल्या मऊ पावात भरतात, वर लिंबू पिळतात आणि कागदात गुंडाळून हातात देतात. शेजारीच काझिल्ली नावाचे बटाट्याचे लांबट गोळे तळत होते, तेही त्याच पावात जातात. वडापाव खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला इथे परके वाटण्याचे कारण नाही.

त्या पावावरच्या तिळाला सिसिलीत जुज्जुलेना म्हणतात. हा शब्द जुलजुलान या अरबी शब्दावरून आला, हे बाईंनी पाव हातात असतानाच सांगितले. पालेर्मो ८३१ मध्ये अरबांच्या ताब्यात गेले आणि १०७२ मध्ये नॉर्मनांनी ते जिंकून घेतले; मधल्या अडीचशे वर्षांत लिंबूवर्गीय फळे, ऊस, वांगी आणि पाटपाण्याची शेती या बेटावर रुजली. हे सगळे पुस्तकात वाचता येते. पण ज्या रस्त्याला नकाशात कोर्सो व्हित्तोरियो एमानुएले म्हणतात त्याला बाई सहज 'कास्सारो' म्हणाल्या आणि हा शब्द अरबी 'अल् कस्र', म्हणजे किल्ला किंवा वाडा, यावरून आल्याचे सांगितले, तेव्हा हा इतिहास आजही रोजच्या बोलण्यात टिकून आहे हे जाणवले.

भाताच्या तळलेल्या गोळ्याला पालेर्मोत 'आरान्चिना' म्हणतात, कारण तो लहानशा संत्र्यासारखा दिसतो. बेटाच्या पूर्वेला कातानियात त्यालाच पुल्लिंगी 'आरान्चिनो' म्हणतात, आणि या एका अक्षरावरून दोन्ही शहरांत खरोखरची चुरस आहे. मूळ शब्द आरान्चा. तो अरबी नारंजवरून आला, नारंज फारसी नारंगवरून आणि नारंग आपल्या नारिंगाच्या घरातला. केशरी भाताचा तो गोळा हातात धरून मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुढच्या दुकानात जाऊन मालकालाही सांगितला.

मला इथे चर्चा हवी आहे ती अशी : अशी फेरी निवडताना तुम्ही काय पाहता? आणि या फेऱ्यांचा त्या बाजारांवर काय परिणाम होतो, याचा अनुभव कोणाला आहे का?

ताकभात

अतिशय वाचनीय लेख. आम्ही दोघे आणि माझ्या सासूबाई जुलैमध्ये जाण्याच्या विचारात आहोत. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही, आणि सासूबाई त्या बाबतीत फार काटेकोर आहेत. पालेर्मोचे पदार्थ म्हणून जे वाचायला मिळते त्यात आतडी, प्लीहा आणि मासे यांचेच वर्णन दिसते. अशा फेरीत आम्ही पैसे भरून नुसते बघत उभे राहायचे का?

उंबरठा

मी गेली अकरा वर्षे इटलीत राहते आणि नोकरीच्या निमित्ताने सिसिलीत वारंवार जाते, त्यामुळे ताकभात यांच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देते.

पालेर्मोच्या रस्त्यावरचे खाणे हे गरिबीतून आलेले आहे आणि त्याचे दोन भाग पडतात. एक भाग जनावराच्या उरलेल्या अवयवांचा. 'पानी का मेउसा' म्हणजे प्लीहा आणि फुप्फुसाचे काप चरबीत परतून पावात घालणे. त्यावर नुसते लिंबू पिळले तर त्याला 'स्किएत्ता' म्हणजे अविवाहित म्हणतात आणि रिकोत्ता चीज घातले तर 'मारिताता' म्हणजे लग्न झालेली. 'स्तिग्योला' म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली आतडी. तिचा धूर दुरून दिसतो, तेव्हा तुम्ही बाजूच्या गल्लीने जाऊ शकता. दुसरा भाग डाळ, बटाटा, भाजी आणि भाकरीच्या कुळातल्या पदार्थांचा, आणि तोही तितकाच मोठा आहे.

पानेल्ले मुळात पूर्ण शाकाहारी असतात. मात्र काही ठिकाणी त्याच तेलात मासेही तळतात, म्हणून आधी विचारावे. काझिल्लीचेही तेच. स्फिन्चोने हा जाड, मऊ, पिझ्झ्यासारखा पाव दिसायला निर्धोक वाटतो. वर कांदा, टोमॅटो आणि पावाचा चुरा असतो, पण त्यात बहुधा आन्चोवी मासळी विरघळवलेली असते. आरान्चिनाच्या दोन परंपरागत प्रकारांपैकी एकात खिमा असतो आणि 'लोण्याची' म्हणून सांगतात तिच्यातही हॅमचे तुकडे असतात. पालक घातलेली मिळते, पण बाहेरच्या आवरणात अंडे आहे का ते विचारावेच लागेल. कानोली या मिठाईच्या नळीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी घालतात. हे बहुतेक शाकाहारी प्रवाशांना ठाऊक नसते, म्हणून आवर्जून सांगते. या चरबीला 'स्त्रुत्तो' म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवावा.

आता जुलैत काय मिळेल ते सांगते. बाजारात हातभर लांबीचे, फिकट हिरवे भोपळे उभे करून ठेवलेले दिसतील. त्यांना कुकुझ्झा म्हणतात आणि ते आपल्या दुधीच्याच जातीचे आहेत. त्या वेलाचा कोवळा पाला, ज्याला तेनेरूमी म्हणतात, जुडी बांधून विकतात. तो पाला, टोमॅटो, लसूण आणि मोडलेली स्पगेत्ती यांचे पातळसर कालवण हे पालेर्मोच्या घराघरांतले उन्हाळी जेवण आहे. वर चीज घालू नका असे सांगितले की सासूबाईंनाही निर्धास्त खाता येईल. कापोनाता म्हणजे वांगी, सेलरी, केपर आणि ऑलिव्ह यांची आंबटगोड भाजी. ती गार खातात. जुलैतच कलिंगडाच्या रसाची, चमेलीच्या फुलांचा वास दिलेली जेली मिळते, ती गव्हाच्या किंवा मक्याच्या सत्त्वाने घट्ट केलेली असते, जिलेटिनने नव्हे.

मुख्य मुद्दा असा की नोंदणी करतानाच हे सारे लेखी कळवावे. चांगली स्थानिक वाटाडी त्यानुसार आपली दुकाने बदलते, कारण तिला पंधरा दुकाने माहीत असतात. ज्यांनी पाच दुकानांशी करार केलेले असतात त्यांना ते जमत नाही, आणि तुमच्या पत्राला आलेल्या उत्तरावरूनच हा फरक कळतो.

विचारवेध

दर्यावर्दी यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, तरीही मी एक हरकत नोंदवू इच्छितो. स्थानिक असो वा परका, वाटाड्याच्या मागे हिंडणारे पाहुणे बाजारात भाजी विकत घेत नाहीत. ते उभ्याउभ्या खातात, छायाचित्रे काढतात आणि जातात. विक्रेत्याच्या लक्षात येते की किलोभर वांग्यांपेक्षा कापलेल्या फळाचा एक पेला विकणे फायद्याचे आहे. मग वांगी जातात आणि पेले उरतात.

पालेर्मोतच याचे ठळक उदाहरण आहे. व्हुच्चिरिया बाजाराचे नाव फ्रेंच 'बूशरी', म्हणजे खाटिकखाना, यावरून आले. रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने १९७४ मध्ये त्याचे भव्य चित्र काढले. मासे, मांस, फळे आणि माणसे यांनी खच्चून भरलेले. त्या बाजारात मासळीच्या बर्फाचे पाणी फरशीवर इतके सतत वाहत असे की पालेर्मोच्या बोलीत एखादी गोष्ट कधीच होणार नाही हे सांगायचे तर 'व्हुच्चिरियाच्या फरशा वाळतील तेव्हा' असे म्हणत. मी ६ वर्षांपूर्वी तिथे गेलो तेव्हा सकाळी अकरा वाजता फरशा कोरड्या होत्या. मासळीचे मोजके ठेले होते, बाकी टेबले आणि खुर्च्या रात्रीच्या मद्यपानाची वाट पाहत होत्या. त्या म्हणीचा अर्थच तिथे संपला आहे. बाल्लारोचे असे होऊ नये असे मनापासून वाटते आणि म्हणून या फेऱ्यांकडे मी संशयाने पाहतो.

दर्यावर्दी

विचारवेध, आपला मुद्दा मला पूर्णपणे नाकारता येणार नाही. मात्र व्हुच्चिरिया ओस पडण्याची सुरुवात पर्यटकांच्या कितीतरी आधी झाली होती. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत जुन्या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, नंतरच्या दशकांत बागा आणि जुने बंगले पाडून शहराच्या कडेला सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि जुन्या वस्तीतील माणसे तिकडे राहायला गेली. बाजार जगतो तो शेजारच्या घरांत चुली पेटतात म्हणून. व्हुच्चिरियाच्या आसपासच्या चुलीच विझल्या.

बाल्लारो टिकला, कारण तिथे अजून माणसे राहतात, आणि त्यांतली बरीच बाहेरून आलेली आहेत. बांगलादेशी, घाना-नायजेरियाचे, श्रीलंकेचे तमिळ. आमच्या बाईंनी आम्हाला मुद्दाम एका बांगलादेशी वाणसामानाच्या दुकानात नेले. तिथे कढीपत्ता होता, हिरव्या मिरच्या होत्या, आणि बंगाल्यांना दुधीचा पाला भाजीसाठी लागतोच. तो सिसिलीतल्या माणसालाही लागतो, त्यामुळे शेजारचा सिसिलियन भाजीवाला आणि हा दुकानदार उन्हाळ्यात एकाच गिऱ्हाइकासाठी ओरडतात, असे त्या कौतुकाने सांगत होत्या. कंपनीच्या फेरीत आम्ही याच दुकानासमोरून न थांबता गेलो होतो.

फेरीचा परिणाम काय होतो, याचा निकष मी आता असा लावतो : वाटाड्या स्वतः त्या बाजारात भाजी घेतो का? आमच्या बाईंनी फेरी चालू असताना आर्टिचोक घेतले, भाव केला, आणि उरलेल्या वाटेत ती पिशवी आम्ही आळीपाळीने धरली.

नोंदवही

बाल्लारो या नावाबद्दल एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध थेट आपल्या दख्खनशी लावला गेला आहे.

या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एक मत असे की मोन्रेआलेजवळच्या बल्हरा नावाच्या खेड्यातील व्यापारी इथे माल आणत, म्हणून हा 'सूक अल् बल्हरा', म्हणजे बल्हराचा बाजार. दुसरे मत सिसिलीतील जुन्या अभ्यासकांनी मांडले : दख्खनच्या राजाच्या बिरुदावरून हे नाव पडले, कारण त्याच्या मुलखातले मसाले या बाजारात येत. हे दुसरे मत सिद्ध झालेले नाही आणि कोणी ठामपणे सांगू नये. पण ते अगदीच हवेतले नाही. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब प्रवासी आणि भूगोलकार राष्ट्रकूट राजांना 'बल्हरा' म्हणत, म्हणजे 'वल्लभराज' या बिरुदाचा अरबी उच्चार. अल् मसूदीने हिंदुस्थानातील राजांत बल्हराला सर्वांत मोठा मान दिला आहे. हे तेच राष्ट्रकूट, ज्यांच्या कृष्ण पहिला या राजाच्या काळात वेरूळचे कैलास लेणे खोदले गेले. अरबांच्या ताब्यातील पालेर्मो आणि मान्यखेटचे राष्ट्रकूट हे समकालीन होते, आणि इब्न हौकल हा प्रवासी ९७३ मध्ये पालेर्मोला गेला तेव्हा राष्ट्रकूटांची सत्ता नुकतीच मावळत होती.

खेड्याचे नावसुद्धा त्याच बिरुदावरून पडले असेल का, इतपत तर्क करण्याचा मोह होतो. पण तिथे थांबावे. वाटाड्याने हे सांगताना 'असे एक मत आहे' एवढे म्हटले तरी मी त्याला शाबासकी देईन. अनेक जण मोहात पडून दंतकथेला इतिहास करतात.

ताकभात

नोंदवही, हे वाचून अंगावर काटा आला. उंबरठा, आपले मनःपूर्वक आभार; आपली यादी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी दुधीच्या पाल्याची कृती विचारली आहे.

किनारपट्टी

एका गोष्टीचा उल्लेख अजून झालेला नाही आणि पालेर्मोत ती टाळून बाजाराबद्दल बोलता येत नाही : खंडणी. तिला तिथे 'पिझ्झो' म्हणतात. दुकानदाराने दर महिन्याला माफियाला काही रक्कम द्यायची आणि त्याबदल्यात आपले दुकान शाबूत ठेवायचे. लिबेरो ग्रास्सी या कपड्यांच्या कारखानदाराने ती देण्यास नकार दिला, १० जानेवारी १९९१ रोजी वर्तमानपत्रात खंडणीखोराला उद्देशून उघड पत्र लिहिले, आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी सकाळी घराबाहेर पडताच त्यांची हत्या झाली. त्या वेळी इतर व्यापारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. पुढच्याच वर्षी फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो हे दोन न्यायाधीश बॉम्बस्फोटांत मारले गेले.

जून २००४ मध्ये एके सकाळी शहरभर भिंतींवर लहान पत्रके चिकटवलेली आढळली. त्यांवर लिहिले होते की जी संपूर्ण जनता पिझ्झो देते ती आत्मसन्मान नसलेली जनता होय. ती काही तरुणांनी रातोरात लावली होती. त्यातून 'आद्दियोपिझ्झो' ही चळवळ उभी राहिली, खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी तयार झाली, आणि ग्राहकांनी तिथेच खरेदी करावी असा प्रचार सुरू झाला. पुढे त्याच धर्तीवर प्रवाशांसाठीही फेऱ्या निघाल्या. मी तशा फेरीला गेलो होतो. जेवण, पाणी आणि मिठाई ज्या दुकानांत झाली ती सारी त्या यादीतली होती. वाटाड्या तिशीतला होता; त्याने आवाज न चढवता आणि माफियाबद्दलच्या चित्रपटांचा एकदाही उल्लेख न करता सारे सांगितले. दुकानांत माफियाची टोपीवाली बाहुली आणि चुंबके विकायला असतात, ती घेऊ नका, अशी त्याने आम्हाला एकच विनंती केली. ज्यांच्या घरातली माणसे गेली ते याच शहरात राहतात, असे तो म्हणाला.

दर्यावर्दी यांनी बांगलादेशी दुकानदारांचा उल्लेख केला म्हणून सांगतो. व्हिया माक्वेदा हा रस्ता आणि बाल्लारो यांच्या परिसरात वर्षानुवर्षे त्यांच्याकडून खंडणी घेतली जात होती. २०१६ मध्ये त्यांच्यातील काही जणांनी पोलिसांकडे एकत्र तक्रार केली, खंडणीखोरांना अटक झाली आणि दुकानदारांनी न्यायालयात साक्षी दिल्या. परक्या देशात, पोटापाण्यासाठी आलेल्या, गल्ल्यावर एकट्या बसणाऱ्या माणसांनी हे केले. विचारवेध म्हणतात तसा आपला पैसा बाजार बिघडवू शकतो; पण तो कोणाच्या हाती पडावा हेही आपल्याला ठरवता येते, आणि पालेर्मोत त्या ठरवण्याला वजन आहे.

विचारवेध

किनारपट्टी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी ज्या अंगाने विचार करत होतो त्यात ही बाजू नव्हती. माझी शंका मोठ्या घोळक्यांपुरती आणि करारबद्ध थांब्यांपुरती कायम ठेवतो. आपल्या वर्णनातील फेरीला ती लागू होत नाही.

उंबरठा

नोंदणी करताना उपयोगी पडतील अशा काही बाबी लिहिते. इटलीत गाईडचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि डिसेंबर २०२३ च्या कायद्याने त्यासाठी देशभर एकच परीक्षा व एकच नोंदयादी ठरवली आहे. खाऊ घालणे आणि बाजारात हिंडवणे यासाठी परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण नॉर्मन राजवाडा किंवा त्यातील पालातिना चॅपेल यांसारख्या वास्तूंत उभे राहून माहिती सांगायची तर परवानाधारक गाईडच लागतो. त्यामुळे जी व्यक्ती 'सगळेच मी दाखवते' असे म्हणेल तिला परवान्याबद्दल नम्रपणे विचारावे. पालातिना चॅपेल मात्र चुकवू नका. रॉजर दुसरा या नॉर्मन राजाने बांधवलेल्या, ११४० मध्ये अर्पण झालेल्या त्या देवालयात भिंतींवर बायझंटाइन पद्धतीची सुवर्णचित्रे आहेत आणि वर अरबी कारागिरांचे, मधाच्या पोळ्यासारखे लाकडी छत आहे. बाजारात शब्दांतून जे कळते ते तिथे डोळ्यांना दिसते.

फेरी सकाळचीच घ्यावी. दुपारी दोननंतर भाजीबाजार आवरू लागतो. जुलैत ऊन फार असते, तेव्हा नऊच्या आधी सुरू होणारी फेरी शोधावी. सासूबाईंना चालणे झेपेल का याची काळजी असेल तर : ओपेरागृह तेआत्रो मास्सिमोपासून बाल्लारोपर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाट बहुतांशी सपाट आहे, फक्त फरशा गुळगुळीत आणि ओल्या असतात. रबरी तळाची पादत्राणे घालावीत. १४ जुलैच्या रात्री तिथे सांता रोझालिया या ग्रामदेवतेसमान मानल्या जाणाऱ्या संत स्त्रीचा रथ निघतो. १६२४ च्या प्लेगमधून तिने शहर वाचवले अशी श्रद्धा आहे. तिच्या डोंगरावरील गुहेत श्रीलंकेचे तमिळ हिंदूही नियमाने दर्शनाला जातात. सासूबाईंना ते पाहून बरे वाटेल.

सांजवारा

मी या फेऱ्यांबद्दल काहीच जाणत नव्हते, पण ऐकण्याबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पालेर्मोत आमच्या खोलीखालून रोज सकाळी एक तीनचाकी टेम्पो जाई. आपल्या बारामतीत बनते तशीच पिआज्जोची आपे. तिच्यावर स्फिन्चोनेचे लोखंडी पत्रे आणि एक कर्णा. ध्वनिमुद्रित आवाज ओरडत जाई आणि आम्हाला वाटे, निवडणुकीचा प्रचार असावा. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने अर्थ सांगितला : "आत्ताच भट्टीतून काढले, आत्ताच! काय सुवास!" आणि पुढे, "तेल कमी, धूळ भरपूर!" आपल्या मालाबद्दल विक्रेता असे का म्हणतो, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, रस्त्यावरचे स्फिन्चोने असेच असते हे गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही जाणतात. त्यात लपवायचे काही नाही. अशा ओरडण्याला तिथे 'आब्बान्नियाता' म्हणतात आणि प्रत्येक विक्रेत्याची चाल वेगळी असते. कानाला यंत्र लावून फिरणाऱ्यांना हे ऐकूच येणार नाही.

दर्यावर्दी

सांजवारा, तो कर्णा आम्हीही ऐकला आणि अर्थ न कळता परत आलो. आता कळला, त्याबद्दल आभार.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी १३ डिसेंबरला, सांता लुचियाच्या दिवशी. त्या दिवशी पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य असतो. १६४६ च्या दुष्काळात त्या दिवशी धान्याचे गलबत बंदराला लागले आणि उपाशी लोकांना दळण्याइतका धीर नव्हता, म्हणून त्यांनी गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी कथा आहे. तेव्हापासून घरोघरी 'कुच्चिया' करतात : रात्रभर भिजवून शिजवलेले अख्खे गहू, त्यात गोड रिकोत्ता. आणि दिवसभर आरान्चिना, इतक्या की दुकानांसमोर पहाटेपासून रांगा असतात. मी बाईंना पत्र लिहून त्या दिवशीच्या फेरीबद्दल विचारले, आणि आमच्याकडे खपली गव्हाची खीर कशी करतात तेही थोडक्यात लिहिले.

काल त्यांचे उत्तर आले. त्या दिवशी त्या फेरी घेत नाहीत, कारण घरी चाळीस आरान्चिना तळायच्या असतात. गहू आदल्या दिवशी भिजत घालणार आहेत. आम्ही सकाळी आठला त्यांच्या स्वयंपाकघरात यावे आणि येताना थोडा गूळ आणावा, असे लिहिले आहे.